घेवड्यात तांब्याभर पाणी

परक्या देशाची ओळख करून घ्यायची असेल तर तिथल्या राजवाड्यांपासून सुरुवात करू नये, असे माझे फार दिवसांचे मत आहे. राजवाडे सगळीकडे सारखेच. तिथे गालिचे असतात, तसबिरी असतात आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी असते. व्याकरणाच्या पुस्तकापासूनही सुरुवात करू नये. मराठीच्या प्राध्यापकाने असे म्हणावे याचे माझ्या विद्यार्थ्यांना नवल वाटेल आणि थोडा आनंदही होईल. पण खरे ते खरे. सुरुवात करावी ती तिथल्या गरिबाच्या चुलीपासून. तिच्यावर रोज काय रटरटते आणि पोटापाण्याच्या गोष्टी निघाल्या की कोणत्या पदार्थाचे नाव लोकांच्या तोंडी येते, एवढे कळले की तो देश आपल्याशी बोलू लागतो. आपण भाकरी मिळवतो. इंग्रज पाव मिळवतो. मेक्सिकोतला माणूस मात्र घेवडा मिळवतो. ‘गानार्से लोस फ्रिहोलेस’, म्हणजे शब्दशः ‘आपला घेवडा कमावणे’, हा तिकडे पोटामागे लागण्याचा वाक्प्रचार आहे.

हे ज्ञान मला ग्रंथांतून झालेले नाही. ते माझ्या भाच्याने आणले. थोरल्या बहिणीचा हा मुलगा मोटारींच्या धंद्यातला इंजिनिअर. पुण्याभोवती जसे मोटारींचे कारखाने आहेत, तसेच ते मेक्सिकोत पुएब्ला नावाच्या शहराभोवती आहेत. तिथे हा तीन वर्षे राहिला. एका वृद्ध विधवा बाईंच्या घरी, माडीवरच्या खोलीत. त्यांना तो ‘सेन्योरा’ म्हणे. गेल्या पावसाळ्यात तो परत आला, तेव्हा सगळे आणतात तशी चॉकलेटे आणि रंगीत टोपी त्याने आणलीच. पण खरी आणलेली वस्तू त्याच्या बॅगेत नव्हती, हातात होती. “आजी,” तो माझ्या आईला म्हणाला, “एका रविवारी स्वयंपाकघर माझ्या ताब्यात दे. तुला मडक्यातला घेवडा करून घालतो.”

“घेवड्याला एवढं काय करायचं असतं रे?” आई म्हणाली. “शिरा काढायच्या नि फोडणीला टाकायचा.”

आईच्या डोळ्यांपुढे श्रावणघेवडा होता आणि भाच्याच्या डोळ्यांपुढे राजमा. मौज अशी की दोघांचेही बरोबर होते. ही दोन्ही एकाच वेलाची रूपे आहेत. कोवळेपणी शेंगेसकट खुडला की तो आपला श्रावणघेवडा, म्हणजे बाजारातली फरसबी. शेंग वेलावरच पिकू दिली, वाळू दिली आणि दाणे सोलून घेतले की तोच राजमा. माणसाचेही असेच असते. कोवळेपणी तो हिरवा नि कुरकुरीत असतो; पुढे वाळतो, टणक होतो आणि मग त्याला मऊ करायला फार वेळ आणि फार सोसणे लागते.

मेक्सिकोत या दाण्याच्या इतक्या जाती आहेत की आपल्या तांदळाचीच आठवण व्हावी. दक्षिणेकडे आणि पूर्वेच्या किनाऱ्यावर काळा दाणा अधिक चालतो. उत्तरेकडे पिंतो, म्हणजे ठिपकेदार. मधल्या पठारावर गुलाबी छटेचा एक दाणा असतो, त्याला ‘फ्लोर दे मायो’, म्हणजे ‘मे महिन्याचे फूल’ म्हणतात. कडधान्याला इतके काव्यमय नाव देणाऱ्या लोकांविषयी मला तत्काळ आपुलकी वाटू लागली. स्पॅनिश लोक तिथे पोचण्यापूर्वी तिथल्या नाहुआट्ल भाषेत या दाण्याला ‘एत्ल’ म्हणत. तो शब्द मागे पडला, पण पुरता मेला नाही. कोवळ्या शेंगांना मेक्सिकोत आजही ‘एहोते’ म्हणतात, त्यात तो लपून राहिला आहे. याच भाषेने जगाला ‘टोमॅटो’ दिला, ‘चॉकलेट’ दिले, आणि आपल्या डहाणूच्या वाड्यांत लटकणाऱ्या चिकूचे नावही त्याच घराण्यातले. अझ्टेक राजांना मांडलिक प्रांतांकडून जो वार्षिक खंड मिळे, त्याची चित्रमय नोंद असलेली एक जुनी पोथी उपलब्ध आहे. तिच्यात मक्याच्या कणग्यांबरोबर घेवड्याच्याही कणग्या आहेत. राजाच्या कोठारात आणि गरिबाच्या गाडग्यात एकच दाणा, असे भाग्य फार थोड्या धान्यांना लाभते.

आपल्याकडे हा दाणा पाहुणा म्हणून आला. मटकी नि हुलगा हे इथलेच, वाल-पावटेही इथे फार जुने. पण घेवड्याचे हे कूळ अमेरिका खंडातले. तिथे ते हजारो वर्षांपूर्वी माणसाळले, १४९२ नंतर युरोपात गेले आणि युरोपीय गलबतांतून आपल्याकडे उतरले. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या मातीत ते असे रुजले की तिथल्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून वाघ्या. ठिपकेदार पिंतोशी त्याचे चुलतभावासारखे साम्य आहे. भाचा पुएब्लाहून दाणे आणणार नव्हताच. परदेशी बियाणे बॅगेत घालून आणू नये, हे तो जाणतो. तो सरळ मंडईत गेला आणि अर्धा किलो वाघ्या घेऊन आला.

मडके मात्र त्याने दोन आठवडे शोधले. ‘फ्रिहोलेस दे ला ओया’ हे या पदार्थाचे नाव, आणि ‘ओया’ म्हणजे मडके. पोटाला फुगीर, तोंडाला अरुंद. शेवटी कुंभारवाड्यात त्याला मनाजोगे मिळाले. तिकडे अनेक मडक्यांना आतून चकचकीत झिलई असते आणि जुन्या पद्धतीच्या झिलईत शिसे असते, म्हणून हल्ली जाणती माणसे शिसे नसलेलीच मडकी घेतात. आपले मडके बिनझिलईचे, तेव्हा ती चिंता नव्हती. आईने ते दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवले आणि मग तांदळाची पेज त्यात उकळून घेतली. “नवं मडकं नव्या सुनेसारखं असतं,” ती म्हणाली. “आधी घरचं पाणी पिऊ द्यावं, मग कामाला लावावं.” आमच्या घरातली सून, म्हणजे माझी पत्नी, हे ऐकून हसली. तिला कोणते पाणी आठवले, ते मी विचारले नाही.

रविवारचा पहिला वाद शनिवारी रात्रीच झाला. आईने घेवडा भिजत घातला. भाचा म्हणाला, “आजी, सेन्योरा कधीच भिजवत नाही. निवडते, धुते नि थेट मडक्यात टाकते. म्हणते, भिजवलेलं पाणी फेकलं की चव नि रंग त्याबरोबर जातो.”

“तिच्याकडचा दाणा यंदाचा असेल,” आई म्हणाली. “हा कुठल्या सालचा, ते दुकानदारालाच ठाऊक.”

भाच्याची सेन्योरा एकटी नव्हती. मेक्सिकोच्या स्वयंपाकावर सारे आयुष्य वेचलेल्या डायना केनेडी या इंग्रज लेखिकेनेही न भिजवण्याचाच पक्ष घेतला होता. पण आईचा मुद्दाही पक्का होता. कडधान्य जितके जुने तितके ते शिजायला हट्टी. शिवाय आहारशास्त्र आईच्या बाजूचे आहे. कच्च्या राजम्यात एक प्रथिन असते, ते पोटात गेले तर ओकाऱ्या होतात; म्हणून दाणे निदान पाच तास भिजवावेत, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात आधी अर्धा तास चांगली खळखळ उकळी द्यावी, मग आच मंद करावी. नुसत्या कोमट आचेवर दिवसभर ठेवणारी विजेची भांडी निघाली आहेत, त्यांत कच्चा राजमा घालणे धोक्याचे असते. आईला यातले प्रथिन-बिथिन काही ठाऊक नव्हते. तिला एवढेच ठाऊक होते की तिच्या आईनेही भिजवलेले पाणी झाडांना घातले होते.

बाकी कृती इतकी साधी आहे की ती कृती म्हणून सांगायला संकोच वाटावा. अर्धा किलो घेवडा, अडीच लिटर पाणी, एक कांदा दोन तुकडे करून, दोन चमचे स्निग्ध पदार्थ. मीठ नाही. मीठ पडते ते दाणा मऊ झाल्यावर, अगदी शेवटी. टोमॅटो किंवा चिंच यांचे तर नावच नको, कारण आंबटाने दाण्याची साल आकसते आणि तो शिजायचा थांबतो. फोडणी नाही, हळद नाही, मसाला नाही. आई दर पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात डोकावून “आता काय घालायचं?” असे विचारी आणि भाचा “काही नाही” असे सांगे. मराठी स्वयंपाकघरात ‘काही नाही’ हे उत्तर किती जड जाते, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

एकच वस्तू तिकडे घालतात, ती आमच्याकडे नव्हती. एपासोते नावाची एक उग्र वासाची पालेभाजी असते, तिची एखादी डहाळी शेवटच्या पावतासात मडक्यात टाकतात. नावाचे मूळ नाहुआट्ल. त्याच्या पूर्वार्धाचा अर्थ ‘स्कंक’, म्हणजे दुर्गंधी सोडणारा तो अमेरिकेतला प्राणी. वास रॉकेलकडे झुकणारा. पण घेवड्यात पडली की तीच त्याची ओळख होते, आणि पोटात वायू धरत नाही अशी तिकडच्या बायकांची श्रद्धा आहे. हे ऐकताच आईला हातात काहीतरी आल्यासारखे झाले. ती ओव्याची बरणी घेऊन उभी राहिली.

“आजी, ओवा नको ना.”

“त्या तुझ्या सेन्योराला वायूचा त्रास होत नसेल, तर मी गप्प बसते,” आई म्हणाली आणि बरणी फळीवर परत न ठेवता ओट्यावर ठेवली.

मडक्याच्या तोंडावर भाच्याने झाकण ठेवले नाही; पाण्याने भरलेले पितळेचे एक पातेले ठेवले. मला वाटले, वाफ अडवायला. पण त्याचे खरे काम निराळे होते. खाली घेवडा शिजत असतो, वर पाणी तापत असते. रस आटला की वरचे गरम पाणी आत घालायचे. गार पाणी घालायचे नाही. दाणा दचकतो आणि कडक राहतो, असे सेन्योराचे म्हणणे. पुएब्ला समुद्रसपाटीपासून २१०० मीटरहून अधिक उंच आहे. तिथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळू लागते, म्हणून शिजायला वेळ जास्त लागतो आणि हे वरचे पाणी सारखे कामी येते. हल्ली तिथल्या घरांतही प्रेशर कुकर आहेत आणि घाईच्या दिवशी त्याच वापरल्या जातात. पण सेन्योराचे म्हणणे असे, की कुकरमधला घेवडा शिजतो, मडक्यातला घेवडा मुरतो.

आमच्या घेवड्याला पावणेदोन तास लागले. सारे पट्टे रसात उतरून दाणा एकरंगी तांबूस झाला होता. वाघ्याचा वाघ गेला आणि गाय उरली. रस मात्र असा दाट नि सुगंधी की त्यात मिठाशिवाय काही घातलेले नाही, हे आईला शेवटपर्यंत पटले नाही.

स्निग्ध पदार्थाविषयी थोडे सांगायला हवे. मेक्सिकोत त्या जागी डुकराची चरबी असते. आमच्या घरी ते शक्य नव्हते, भाच्याने तेल घातले. “म्हणजे परंपरा मोडलीच की,” मी चिडवले. यावर त्याने मला निरुत्तर केले. “मामा, डुक्कर तिथे आलं स्पॅनिश लोकांबरोबर. कोर्तेस १५१९ मध्ये उतरला, १५२१ मध्ये अझ्टेकांची राजधानी पडली. त्याआधी हजारो वर्षं तिथला घेवडा चरबीशिवायच शिजत होता. तुमचा हा कांदासुद्धा त्याच गलबतातून गेलेला. मग परंपरा कुठली धरायची?” मी आपल्या एकादशीच्या खिचडीचा विचार करू लागलो. साबुदाणा, दाणे, मिरची आणि बटाटा ही चारही मंडळी अमेरिका खंडातली; तरी पांडुरंगाने आजवर तक्रार केलेली नाही. मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला २०१० मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. त्या वारशातही घरचे किती आणि पाहुणे किती, याची शिरगणती करू नये हे बरे. मुरलेल्या पाहुण्यालाच आपण परंपरा म्हणतो.

पांडुरंगाचे नाव निघाले म्हणून दुसऱ्या एका पांडुरंगाची आठवण होते. घेवडा मेक्सिकोच्या शेतात एकटा वाढत नाही. मका, घेवडा आणि भोपळा एकाच वावरात लावतात, त्या पद्धतीला मिल्पा म्हणतात. मक्याच्या ताटाला धरून घेवडा वर चढतो, घेवड्याच्या मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र मिळते आणि भोपळ्याची रुंद पाने तण दाबून ओल टिकवतात. ताटात आल्यावरही मका आणि घेवडा एकमेकांना सोडत नाहीत. एकाच्या प्रथिनात जे उणे ते दुसऱ्यात भरपूर. आपल्या वरणभाताचे आणि पिठलेभाकरीचे गणित तेच. या मक्याच्या देशात वर्ध्याकडचा एक मराठी माणूस मक्याच्या जाती सुधारत आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकी शिकवत राहिला. गदर पक्षाचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे. मायदेशाची दारे बंद झाली तेव्हा ते १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले आणि त्यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. डिएगो रिव्हेरा या विख्यात चित्रकाराशी त्यांचा स्नेह होता. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिव्हेराचे एक चित्र आहे. एका मेजाभोवती कष्टकरी माणसे, बाया, मुले बसली आहेत आणि मेजाच्या टोकाशी बसलेला माणूस सर्वांसाठी भाकर मोडतो आहे. तो माणूस खानखोज्यांवरून काढला, असे मानले जाते. स्वातंत्र्यानंतर ते परत आले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला. ज्याने परमुलखात भाकर मोडून वाटली, त्याला त्या मुलखाने आपल्या मातीत उभे केले, यात मला मोठा न्याय वाटतो.

आता पुन्हा मडक्याकडे वळू. पहिल्या दिवशी घेवडा रसासकट वाडग्यात वाढतात. वर बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबू. या कोशिंबिरीचे तिकडचे नाव ‘कोंबड्याची चोच’. उरलेला घेवडा दुसऱ्या दिवशी तव्यावर कांद्याबरोबर परततात आणि रस घालत घालत लाकडी दट्ट्याने चेचतात. गोळा तव्याच्या कडा सोडू लागला की झाले. याला ‘फ्रिहोलेस रेफ्रितोस’ म्हणतात. बाहेरच्या लोकांनी त्याचा अर्थ ‘दोनदा तळलेला’ असा लावला. पण तो एकदाच परतलेला असतो! मेक्सिकोच्या बोलीत शब्दाआधी ‘रे’ लावला की त्याचा अर्थ ‘पुन्हा’ असा नव्हे, तर ‘चांगला भरपूर’ असा होतो. आपण भजी ‘गरमागरम’ म्हणतो, तेव्हा ती दोनदा गरम केलेली नसतात, तसेच हे. मी हे वर्गात सांगितले, तेव्हा एरवी समासांच्या तासाला पेंगणारी मागची दोन बाके जागी झाली.

तर त्या रविवारी दुपारी मडके उतरवले. पत्नीने ज्वारीच्या भाकरी टाकल्या होत्या. आम्ही घरची चार माणसे. आई, आम्ही दोघे आणि भाचा. मडक्यात घेवडा निदान दहा जणांचा.

“एवढा कशाला केलास रे?” आई म्हणाली.

“आजी, मडकं अर्धं भरून शिजवत नाहीत. आणि कमी पडला तरी सेन्योरा काळजी करत नाही. कुणी अचानक आलं की आतून हाक मारते, ‘एचाले मास आग्वा आ लोस फ्रिहोलेस.’ घेवड्यात आणखी पाणी घाल. सगळ्या मेक्सिकोत असंच म्हणतात. पाहुणा आला म्हणजे घेवड्यात पाणी.”

आई काही बोलली नाही. मीही बोललो नाही. आम्हा दोघांनाही एकाच माणसाची आठवण झाली होती.

माझे वडील, अण्णा, १९६० मध्ये साताऱ्याकडच्या एका खेड्यातून पुण्याला शिकायला आले, ते वार लावून जेवले. नव्या पिढीला हे सांगावे लागते. गरीब विद्यार्थी सात घरी सात वार बांधून घेई आणि ज्या वारी जे घर, त्या वारी तिथे जेवे. अण्णांचा गुरुवार सदाशिव पेठेतल्या एका कारकुनाच्या घरी होता. घरात खाणारी नऊ तोंडे, मिळवणारा एक. त्या घरची आमटी फार पातळ असे. अण्णांचे सोबती त्यावरून थट्टा करीत. अण्णांनी ती थट्टा कधी केली नाही आणि आम्हालाही कधी करू दिली नाही. ते म्हणत, “ती आमटी पातळ होती खरी. पण ती माझ्यामुळे पातळ होती. नऊ माणसांच्या आमटीत त्या माउलीने दहाव्याचं पाणी घातलं होतं.” पुढे नोकरी लागली, घर झाले, खाण्यापिण्याची ददात राहिली नाही. पण आमटी कधी पातळ झाली आणि आईने किंवा माझ्या पत्नीने तसे बोलून दाखवले, तर अण्णा वाटी तोंडाला लावत आणि म्हणत, “असू दे. कुणीतरी आलं असेल.”

अण्णांना जाऊन दोन वर्षे झाली. त्या दोन वर्षांत आमच्या घरची आमटी कधी पातळ झाली नाही. होणार कशी? तीन माणसांना किती डाळ, ते आता ठरून गेले आहे. पाहुणे येतात ते आठवडाभर आधी कळवून, आणि पुष्कळदा ‘जेवूनच येतो’ असे सांगून. इमारतीच्या फाटकावर पहारेकरी आहे. तो आधी फोन करतो, मग माणूस वर येतो. अचानक येणे हा प्रकारच उरलेला नाही. आईचे जेवण त्या दोन वर्षांत चतकोर भाकरीवर आले होते. “माझ्यासाठी वेगळं काही करू नका,” हे वाक्य ती इतक्या वेळा म्हणे की त्यातून ‘माझ्यासाठी काही करू नका’ एवढेच ऐकू येई.

“त्या बाईंनी तुझ्यासाठी कधी घातलं पाणी?” आईने थोड्या वेळाने विचारले.

“पहिल्याच रात्री,” भाचा म्हणाला. “दुसरीकडे खोली ठरली होती, ती ऐन वेळी मिळाली नाही. रात्री नऊला बॅग घेऊन तिच्या दारात उभा राहिलो. भाषा येत नव्हती. तिने मला बसवलं आणि मडक्यावरचं पाणी मडक्यात ओतलं. मला वाटलं, घेवडा करपला असेल. ते माझ्यासाठी होतं, हे पुष्कळ दिवसांनी कळलं.”

आईने मडक्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. “समोरच्या पोरांना हाक मार,” ती म्हणाली.

आमच्या समोरच्या घरात चार मुले भाड्याने राहतात. बीड, नांदेड, परभणीकडची. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. त्यांच्या चपला जिन्यात पसरलेल्या असतात, यापलीकडे आईने त्यांच्याविषयी कधी काही म्हटले नव्हते. रविवारी दुपारी त्यांची मेस बंद असते, हे मला त्या दिवशी कळले. आईला ते आधीच ठाऊक होते. मुले आली, संकोचून भिंतीला टेकून बसली. कोशिंबिरीची चोच घातलेला घेवडा त्यांनी जरा विचारपूर्वक चाखला. पहिल्या वाडग्यानंतर विचार संपला. भाकरी कमी पडल्या, पत्नी पुन्हा पिठाला लागली. परभणीच्या मुलाने वाडगा पुढे केला आणि मग मडक्यात डोकावून तो मागे घेऊ लागला. तळाशी थोडासाच उरला होता.

आईने पितळेच्या पातेल्यातले गरम पाणी मडक्यात ओतले. मीठ घातले, ढवळले आणि ओट्यावरच्या बरणीतून चिमूटभर ओवा चोळून टाकला. भाचा काही बोलला नाही. तो वाडगा आईने त्या मुलाला दिला, आणि उरलेला स्वतःला वाढून घेतला. त्या दिवशी ती अख्खी भाकरी जेवली.

त्यानंतर मडके आमच्याकडेच राहिले. भाचा आता नोकरीनिमित्त नाशिकला असतो. घेवडा आई करते. तिकडची एखादी चाणाक्ष गृहिणी आली तर तिला त्यात ओवा ओळखू येईल आणि कदाचित ती नाक मुरडेल. पण जेवायला बसेल, अशी माझी खात्री आहे. समोरच्या मुलांपैकी दोघे परीक्षेत उतरून गेले, त्यांच्या जागी नवे आले. त्यांना आईने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकले, की तुमची मेस असो वा नसो, गुरुवारी जेवायला इकडे यायचे. गुरुवारच का, असे त्यांनी विचारले नाही आणि आईने सांगितले नाही.

पहिल्या गुरुवारी चौघे येणार होते. ते सहा आले. घेवडा जरा पातळच झाला होता.